खांडेनवमीचा पाना

१

साल एकोणीसशे सहासष्ट. महाराष्ट्र राज्य होऊन सहा वर्षं झाली होती. रस्त्याकडेचे मैलांचे दगड काढून किलोमीटरचे दगड बसवायचं काम अजून रेंगाळतच चाललं होतं. डोणगावात स्वतःची मोटारगाडी असलेला माणूस एकच, पंजाबराव पाटील. त्यांची ती जुनी, काळी लँडमास्टर गल्लीतून निघाली की पोरं मागे धावत आणि म्हाताऱ्या ओट्यावर सरकून बसत.

त्या साली खांडेनवमीच्या दुपारी, तीनच्या सुमारास, ती गाडी काही केल्या चालू होईना. पाटलांच्याच शेडमागं राहणाऱ्या इंद्रभान मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, आत पाहिलं, आणि मटकन खाली बसला.

"काऊन बे, काय झालं?" पंजाबराव ओरडले.

"पाटील, कार्ब्युरेटर नाई."

"नाई म्हंजे?"

"नाई म्हंजे खोलून नेला कोनंतरी."

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी सात वाजता, मेहकरहून हौशी लोकांची मोटार रॅली सुटणार होती. चिखली, बुलढाणा, मग राजूर घाट उतरून मोताळा, नांदुरा, खामगाव आणि परत मेहकर. गाडी नुसती जोरात पळवून त्यात काही उपयोग नव्हता. वाटेवरच्या प्रत्येक ठाण्यावर ठरल्या मिनिटाला पोचायचं. उशीर झाला तरी गुण कापणार, आणि लवकर पोचलं तरी कापणार. म्हणून चालवणाऱ्याइतकाच महत्त्वाचा माणूस म्हणजे त्याच्या शेजारी घड्याळ आणि वेळांचा तक्ता घेऊन बसणारा. पंजाबराव चालवणार होते, आणि शेजारी बसणार होते त्यांचे लहानपणचे मित्र, शाळेतले गणिताचे भगवंतराव गुरुजी. पाटलांचा चुलतभाऊ वामनराव जीप घेऊन पुढे जाणार, घाटाच्या पायथ्याशी टायर, पाणी आणि शिदोरी घेऊन थांबणार. दोन महिने हीच तयारी चालली होती. आणि आज संध्याकाळी सहाच्या आत गाडी मेहकरला तपासणीसाठी उभी करायची होती, नाही तर नाव रद्द.

पंजाबरावांचा चेहरा लाल झाला. "अकरा वाजता नारळ फोडला तवा मी सोता गाडी चालू केली व्हती. मंग शेडले कुलूप. चावी कोनाच्या हातात व्हती?"

"मी ओसरीतल्या खुंटीले लावली, पाटील."

"कोनं पाह्यलं?"

कोणीच पाहिलं नव्हतं.

वामनराव दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, "दादा, याले हेबी इचारा का परवा मेहकरचे कापसाचे जिनवाले याले काय म्हनत व्हते. त्यायचीबी गाडी हाय नं रॅलीत. नोकरी देऊन राह्यले म्हने."

शिदोरीचं विचारायला आलेली इंद्रभानची बायको विमलबाई दाराशीच थबकली. नोकरीचं तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"पाच वाजेपर्यंत कार्ब्युरेटर आला तं ठीक," पंजाबराव म्हणाले. "नाई तं वामनले ठाण्यात धाडतो. अन् चोराले माह्या जागेत जागा नाई. उद्याच्या उद्या शेड खाली पाह्यजे."

२

सगळे बाहेर गेले. विमलबाई नवऱ्यासमोर उभी राहिली. ती मळ्यात भाजी पिकवून बाजारात विकणारी बाई, चौथीपर्यंत शिकलेली. वजनात कोणी तिला फसवू शकत नसे, आणि तिनं कोणाला फसवलेलं नव्हतं.

"अहो, जिनवाल्याचं खरं काय?"

"खरं हाय. मी नाई म्हनलं. नाई म्हनलेली गोष्ट काय सांगाची?"

"अन् जेवनाच्या पंगतीत तुमी नव्हते."

"निंबाखाली डोळा लागला. तीन दिवस झोप नाई मले." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुलेबी वाटते का?"

"मले वाटलं असतं तं मी इचारलं नसतं," ती म्हणाली. "कंदील आना अन् त्या इंजनात मले दाखवा काय कसं हाय ते."

शेड पत्र्याचं, खिडकी नसलेलं. दार लोटलं की आत फक्त पूजेपुढची समई. इंद्रभाननं बोट दाखवलं. दोन नट काढले की कार्ब्युरेटर सुटतो, बाकी पेट्रोलची नळी आणि एक-दोन तारा. नट तिथंच बाजूला नीट ठेवलेले होते. आणि पेट्रोलच्या नळीच्या तोंडात काहीतरी पांढरं खुपसलेलं होतं.

विमलबाईनं ते ओढून काढलं. कापसाची वात होती, पूजेच्या तबकातली. सकाळी तिनं स्वतःच्या हातानं वळलेली.

"पेट्रोल सांडू नाई म्हनून लावली," इंद्रभान पुटपुटला. "समई जळून राह्यली नं इथं. सांडलं असतं तं शेड गेलं असतं."

"हे खोलाले काय लागते?"

"अर्धा इंची पाना. पन पाने तं सगळे पूजेत."

खांडेनवमीला हत्यारं पूजेला बसतात. शेतकऱ्याचा विळा असो की सुताराची करवत, एकदा हळदकुंकू वाहिलं की दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. म्हणून तर इंद्रभाननं सगळं काम अष्टमीलाच उरकलं होतं, आणि जीपमधली हत्यारंसुद्धा काढून पाटावर मांडली होती. सकाळी ती विमलबाईनंच धुतली, पुसली, ओळीनं लावली, प्रत्येकाला आधी हळदीचं बोट, मग कुंकवाचं.

ती कंदील घेऊन पाटासमोर बसली. एक एक पाना पाहत गेली. पिवळ्यावर लाल, पिवळ्यावर लाल. मधोमध एका पान्यावर पिवळं नव्हतंच. आणि जे होतं, ते लालही नव्हतं. गुलाबी होतं.

तबकात कुंकवाच्या वाटीशेजारी देवीला वाहायच्या गुलालाची वाटी होती. कोणीतरी तो पाना उचलला, काम केलं, पुसला, जागेवर ठेवला, आणि कोणाला कळू नये म्हणून पुन्हा बोट लावलं. पण कुंकवाऐवजी गुलालाचं.

"हा किती इंची?" तिनं विचारलं.

इंद्रभाननं लांबूनच पाहिलं. "अर्धा," तो म्हणाला.

३

पाटलांच्या स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी आशाबाई चुलीपुढे बसून होत्या. विमलबाईला पाहताच त्यांचे डोळे भरून आले.

"विमल, पाप माहंच हाय वं."

विमलबाई त्यांच्याजवळ बसली. "काऊन असं म्हनता, वहिनी?"

"मी देवीपुढं बोलली, का गाडी बंद पडू दे. त्या घाटात मागच्या साली ट्रक गेला खाली. यायचा हात पाह्यला नं गाडीवरचा? वळनावर एका हातानं मिशीले पीळ देतात." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "देवीनं आयकलं, पन आळ तुह्या नवऱ्यावर आला."

"देवी पाने घेऊन येत नाई, वहिनी. पंगत चालू असताना तुमी कुठं होत्या?"

"कुठं राहू? चाळीस पानं वाढली. कोपरापर्यंत पुरनात होते हात."

"पंगतीतून कोन उठलं?"

आशाबाईंनी आठवून पाहिलं. "वामनभाऊजी अर्ध्या जेवनातून उठले, बिडी ओढाले. त्यायचं नेहमीचंच हाय. गुर्जी पहिल्या पंगतीत नव्हते, मांगून बसले. म्हने पूजेचं काही राह्यलं व्हतं. तुहा इंद्रभान तं आलाच नाई. बस, एवढेच."

विमलबाई उठली. मनात म्हणाली, ही बाई आंधळ्या कोशिंबिरीत डोळ्यांवर पट्टी बांधून असली, तरी कुंकवाआधी हळदच लावेल. हिनं पान्याला नुसता गुलाल लावला, हे होणं नाही.

साडेतीन वाजून गेले होते.

४

वामनराव जीपला टेकून बिडी ओढत होता. त्याच्या पायाशी पेट्रोलचे दोन डबे.

"ये, ये," तो म्हणाला. "नवऱ्याची वकिली कराले निघाली का?"

"वकिली नाई, भाऊ. हिशेब नाई लागून राह्यला, म्हनून इचारते."

"काय लागाचं त्यात? पाच मिनिटांत कार्ब्युरेटर खोलनारा गावात एकच हाय."

"एक कसा? तुमी जीप चालवता. तुमालेबी येते. अन् पाटलाले अन् गुर्जीलेबी यायनंच शिकवलं, घाटात धूळ बसली तं साफ कराले."

वामनराव हसला. "मास्तर? त्याले खडू धराले येते, पाना नाई. खरं सांगू का विमलबाई, त्या शिटावर मी बसाले पाह्यजे व्हतो. दादानं चार मानसांत मले म्हनलं, 'वामन, तुले बे एके बे येते का?' हसले सगळे. आता गाडीच नाई म्हंजे मास्तरबी घरी अन् मीबी घरी. बरं झालं."

"मंग तुमीच लपवला म्हना की."

"मी?" त्याचा चेहरा बदलला. "दादानं मले हसलं, म्हनून मी दादाची गाडी मोडीन? पाटलाचं रक्त हाय हे." त्यानं रागानं बिडी फेकली. ती जळती बिडी पेट्रोलच्या डब्यापासून दोन हातांवर पडली आणि धुमसत राहिली. त्याचं लक्षही नव्हतं.

विमलबाईनं पुढे होऊन ती चपलेनं विझवली आणि त्या थोटकाकडे जरा वेळ पाहत राहिली. हा माणूस शेड जळू नये म्हणून नळीला वात लावेल?

"भाऊ," ती जाता जाता म्हणाली, "ठाण्यात जायची घाई करू नका."

"पाचले निघतो मी. दादाचा हुकूम हाय."

५

ओसरीत सतरंजीवर भगवंतराव गुरुजी बसले होते. समोर ठेंगणं टेबल, त्यावर घड्याळ, कागद. भिंतीशी उद्या सोनं म्हणून लुटायच्या आपट्याच्या पानांचा ढीग. गुरुजी मूळचे पुण्याकडचे नव्हते, इकडचेच. पण चाळीस वर्षं शाळेत शिकवून बोलणं पुस्तकी झालेलं.

"गुर्जी," विमलबाईनं हाक मारली.

त्यांनी मान वळवली. "कोण, विमल का? ये. इंद्रभाननं हे केलेलं नाही, मला ठाऊक आहे. मी पाटलाला सांगेन."

"सांगाल तं बरं होईल. पाचच्या आत सांगा."

गुरुजींची बोटं टेबलाच्या कडेवरून फिरत राहिली.

विमलबाईला काय विचारावं सुचेना, म्हणून तिनं कामाचंच विचारलं. "शिदोरी घेऊन जीप पायथ्याशी थांबनार. तुमी घाट उतरून किती वाजता येता? भाकरी गरम ठेवाच्या म्हनते मी."

गुरुजींचा चेहरा जरा उजळला. त्यांनी टेबलावरचा वरचा कागद उचलला, डोळ्यांसमोर धरला आणि शाळेत धडा वाचावा तसं खणखणीत वाचू लागले. "चिखली, आठ वाजून सात. बुलढाणा, आठ वाजून पन्नास. घाटाचा पायथा, नऊ बारा. मोताळा, नऊ एकतीस. नांदुरा..."

विमलबाई ऐकत होती, आणि त्या कागदाच्या मागच्या बाजूकडे पाहत होती. तिथं हळदीच्या अंगठ्याचा पिवळाधमक ठसा होता. ठसा तिचाच होता. सकाळी पूजेवरून उठून तिनं तो कागद या टेबलावर आणून ठेवला होता.

तिनं ओसरीभर नजर फिरवली.

६

ओसरीत दुसरं कोणी नव्हतं. विमलबाई सतरंजीच्या कडेला बसली. घड्याळात साडेचार झाले होते.

"गुर्जी, त्या कागदावर भाकरी किती लिवल्या?"

गुरुजी थांबले. "काय म्हणालीस?"

"भाकरी. अन् कांदे. तुमच्या हातात वेळांचा तक्ता नाई. माही शिदोरीची यादी हाय ते."

कागद हळूहळू खाली आला. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहून काही उपयोग नव्हता.

"कवापासून?" तिनं विचारलं.

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. म्हणाले, "वर्ष झालं. काचबिंदू आहे. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही. उजेडात माणूस दिसतो, पण चेहरा दिसत नाही. अक्षर तर नाहीच. तक्ता मी पोराकडून चार वेळा वाचून घेतला आणि पाठ केला. वाटलं, निभेल."

"मंग?"

"मागच्या आठवड्यात सरावाला बुलढाण्याला गेलो. पंजाब विचारतो, भगवंता, दगड कितीचा? घड्याळ काय म्हणते? मी अंदाजानं सांगितलं. वळण यायच्या आधीच मी 'आलं' म्हणालो आणि गाडी कठड्याला घासून गेली. तो हसला. म्हणाला, मास्तर घाबरला. त्या दिवशी कळलं, की दसऱ्याला मी याला घेऊन दरीत जाणार."

"अन् सांगितलं काऊन नाई?"

"कोणत्या तोंडानं? चाळीस वर्षं गाव मला गणिताचा वाघ म्हणतं. आंधळ्या वाघाला कोण भितं?"

विमलबाईनं बोटांवर मोजावं तसं सांगितलं. "नळीले वात लावली, तवाच समजलं का याले कोनाचं वाईट कराचं नाई. वाईटच कराचं असतं तं ब्रेक ढिला केला असता. हे गाडीले निघूच न देनाऱ्याचं काम. पन पान्यावर गुलाल होता, गुर्जी. बाईनं लावला असता तं आधी हळद लावली असती. वामनभाऊनं लावला असता तं कुंकू अन् गुलाल त्याले दिसला असता, अन् तो वात लावनारा मानूस नाई. आमच्या यायनं पूजेतला पाना उचललाच नसता. किती इंची इचारलं तरी लांबूनच पाहून बोलले मघा. मंग लाल अन् गुलाबी ज्याले सारखं, असा कोन? तेवढं मले समजत नव्हतं. आता समजलं."

गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

"पूजेचा पाना उचलला, त्याचं मला फार वाटतंय. म्हणून परत बोट लावलं. देवीसाठी लावलं, लपवण्यासाठी नाही... नाही, लपवण्यासाठीही लावलं."

"पूजेचं देवी पाहील. पन तुमची लाज झाकाले माह्या संसारावरचं छप्पर काढलं, गुर्जी. ह्यायले चोर म्हनलं पाटलानं, साऱ्या मानसांत. तुमी इथं बसून आयकलं."

गुरुजींनी हात जोडले.

"हाय कुठं ते?"

त्यांनी हात लांब करून आपट्याच्या ढिगात खुपसला, चाचपडून कापडात गुंडाळलेली जड वस्तू बाहेर काढली. "उद्या सोनं वाटताना सापडलाच असता," ते म्हणाले. "रॅली सुटून गेल्यावर."

"तुमी सांगता, का मी सांगू?"

अंगणात जीप चालू झाल्याचा आवाज आला. वामनराव निघाला होता.

गुरुजी भिंतीला धरून उभे राहिले. "मला अंगणापर्यंत ने," ते म्हणाले. "सांगेन मी."

७

अंगणात जमलेल्या सगळ्यांसमोर गुरुजींनी सांगितलं. काहीही गाळलं नाही. वामनरावानं जीप बंद केली आणि खाली मान घालून उभा राहिला.

पंजाबरावांना आधी रागावावं की रडावं ते कळेना. "भगवंता," ते शेवटी म्हणाले, "मले सांगाचं नं बे! मी का परका?" आणि मग त्यांचं लक्ष इंद्रभानकडे गेलं.

इंद्रभान कार्ब्युरेटर हातात घेऊन उभा होता. जागचा हलत नव्हता.

"लाव बाबा लवकर. पाच वाजले."

"मी चोर हाय नं, पाटील? चोराच्या हातून गाडी काऊन लावता?"

पाटलानं मिस्त्रीची माफी मागितल्याचं डोणगावात कोणी पाहिलं नव्हतं. पंजाबरावांनी डोक्यावरचा फेटा काढला, तो हातात कुस्करला आणि म्हणाले, "चुकलो मी, इंद्रभान. ज्यायच्यापुढं बोललो, त्यायच्यापुढं म्हनतो. चुकलो."

इंद्रभाननं मान हलवली. पण पाय तरीही उचलेना. "अन् पाने? पूजा उतरली नाई अजून."

विमलबाई शेडमध्ये गेली, हात धुतले, पाटावर अक्षता टाकल्या, देवीपुढे साखर ठेवली आणि पाट हलवला. "मीच बसवली, मीच उतरवली," ती म्हणाली. "देवीचं अन् माहं मी पाहीन. घ्या पाना."

सव्वापाचला इंजिन चालू झालं. आणि मग पंजाबराव स्टिअरिंगवर बसल्या बसल्या म्हणाले, "पन शेजारी कोन?"

"वामनभाऊ," विमलबाईनं सांगितलं. "घड्याळ अन् दगड ते पाहतील. गुर्जी मागच्या शिटावर बसतील. सारा तक्ता त्यायच्या डोक्यात हाय. मानसं किती, याले काही नियम नाई नं?"

"बे एके बे येते मले," वामनराव पुटपुटला आणि गाडीत चढला. मागून इंद्रभान जीप घेऊन निघाला.

मेहकरच्या तपासणीच्या मैदानावर गाडी पोचली तेव्हा सहाला चार मिनिटं कमी होती.

८

दसऱ्याला अकरा गाड्या सुटल्या. पंजाबरावांची गाडी चौथी आली. घाटात एक मिनिटही चुकलं नाही. पण खामगावच्या अलीकडे देवीच्या मिरवणुकीनं त्यांना अडवलं, आणि पाटील खाली उतरून पाया पडत बसले. त्यात आठ गुण गेले.

वामनराव पुढच्या दोन रॅलींना त्याच शिटावर बसला. नंतर त्यानं सेकंडहँड ट्रक घेतला आणि बिडी सोडली, असं सांगतात. आशाबाईंनी देवीला घातलेलं गाऱ्हाणं परत घेतलं की नाही, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण राजूर घाट त्या जन्मभर डोळे मिटून उतरल्या. पंजाबराव एकाहत्तर सालच्या थंडीत गेले. शेवटची दोन वर्षं ते रोज सकाळी भगवंतरावांच्या ओट्यावर बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत, आणि जोडाक्षर अडलं की स्वतःच लेखकाला शिव्या देत.

गुरुजींची नजर सदुसष्टच्या दिवाळीपर्यंत पूर्ण गेली. पण गावानं काही त्यांना रिकामं बसू दिलं नाही. पोरं संध्याकाळी गणितं घेऊन येत, मोठ्यानं वाचत, आणि ते तोंडी उत्तरं सांगत. ऐंशी साली गेले तेव्हा त्यांना खांदा द्यायला तीन तालुक्यांतले विद्यार्थी आले होते.

इंद्रभाननं पाटलांचं शेड सोडलं. भांडून नाही, पुढच्या पाडव्याला, पेढे देऊन. मेहकर रस्त्यावर स्वतःचं गॅरेज घातलं, आणि पाटलांची लँडमास्टर शेवटपर्यंत तिथंच दुरुस्तीला येत राहिली. पण पाटलांच्या जागेत तो पुन्हा राहिला नाही.

विमलबाई खूप जगल्या. म्हातारपणी नाती विचारत, आजी, तू गुरुजींना माफ केलं का? त्या म्हणत, "माफ तं त्याच दिवशी केलं. जोवर जगले, दर दसऱ्याले सोनं द्याले येत माह्या दारी, काठी टेकत." मग जरा थांबत. "पन मी ओसरीत गेली नसती, तं पाचच्या आत ते बोलले असते का नाई, हे मी त्यायले कधी इचारलं नाई. अन् त्यायनंबी मले कधी सांगितलं नाई."